पत्नीचे लग्नापूर्वीचे नाव

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. माण.

काल निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात एचआरच्या मुलीने माझं आडनाव ‘बिरादार’ वाचलं. बिराजदार, असं मी खालून सांगितलं, तर ती हसून ‘सॉरी सर’ म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा बिरादार. एकोणीस वर्षं त्या इमारतीचे एसी, लिफ्ट, संडास, जनरेटर मी सांभाळले. सहा मजल्यांवर कुठला नळ गळतो ते मला झोपेतही सांगता येईल. एवढं करून माणसाला स्वतःचं नावसुद्धा धड मिळू नये, याचा फार राग आला. केक मात्र चांगला होता. एक तुकडा रजनीसाठी आणला.

आज सकाळी रजनीला योजना सांगितली. दोन वर्षं ती माझ्या डोक्यात आहे, पण पक्की होईपर्यंत घरात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मुद्दा सरळ आहे. पेन्शन नाही. घर नाही; जेव्हा घेता आलं असतं तेव्हा पैसा मुलाच्या, वेदांतच्या, कॅनडातल्या शिक्षणात गेला. गावाकडचं औशाचं घर भावाकडे आहे आणि भाऊ तिथून हलणार नाही. इथे पुण्याच्या कडेला गोजराबाईंच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं दरवर्षी वाढतं, आणि आजूबाजूला टॉवर उठताहेत ते पाहता ते खाली यायचं नाही. इथे राहिलो तर आमचे पैसे माझ्या एकाहत्तराव्या वर्षी संपतात. थायलंडमध्ये चिआंग माई नावाच्या गावी ते चौऱ्याऐंशीपर्यंत पुरतात. पन्नाशीपुढच्या परदेशी लोकांना तिथे राहायची परवानगी मिळते. डोंगर, भाताची शेतं, स्वच्छ दवाखाने. हवा साधारण मुळशीसारखीच. आमचे आप्पा वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेले, म्हणजे दोन वर्षं हातात राहतात.

सगळं ऐकून घेऊन रजनीने विचारलं, “तिथे ज्वारीचं पीठ मिळतं का?” बघून सांगतो म्हणालो. बाकी काही बोलली नाही. म्हणजे विरोध नाही. ही एक मोठी काळजी मिटली.

९ फेब्रुवारी, रविवार

वेदांतचा टोरांटोहून नेहमीचा रविवारचा फोन. त्याला योजना सांगितली. “मस्त आहे बाबा, आम्हालाही सुट्टीत यायला एक जागा होईल,” म्हणाला. त्यानंतर मी जरा थांबलो. कॅनडालाच या, असं तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती असं नाही. पण म्हणण्यापुरती जागा ठेवावी म्हणून थांबलो. तो ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असं विचारायला लागला. येतोय म्हणालो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गोजराबाईंनी आज जिन्यात गाठलं. आमच्या मालकीणबाई. सत्तरीच्या आहेत. शेतं आयटी पार्कात गेली, आलेल्या पैशातून ही अठ्ठावीस खोल्यांची इमारत बांधली, आणि आता दिवसभर खालच्या पायरीवर बसून कोण आलं कोण गेलं ते बघतात. मुळशीत रिहे गावी मात्र त्यांची अजून भातशेती आहे आणि एक घर आहे. तिथे शनिवार-रविवार पुण्याची मंडळी राहायला येतात. गेल्या वर्षभरापासून रजनी शनिवारी तिथे स्वयंपाकाला जाते. विरंगुळा म्हणून मी हरकत घेतली नाही.

“काय वो सायेब, म्हातारपणी परदेशात निगालाय म्हनं?”

“स्वस्त पडतं,” मी म्हणालो.

“स्वस्त तर मसणवाटाबी पडतंय. तितं तुमाला वळखनार कोन?”

“कोणी ओळखायला नकोच. तेच तर बरं.”

“तुमचं बरं व्हईल. रंभाबाईंचं काय?”

रंभा हे रजनीचं माहेरचं नाव. पस्तीस वर्षांत ते या घरात कोणी उच्चारलेलं नाही. ते यांना कोणी सांगितलं? वर येऊन रजनीला विचारलं तर म्हणाली, “असंच बोलता बोलता निघालं.” घरातल्या गोष्टी पायरीवर न्यायच्या नाहीत, एवढं तिला बजावलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. लवासा.

आग लागलेली नसताना लोकांना जिने उतरायला लावायचं, हे काम मी एकोणीस वर्षं केलं. तालमीशिवाय खरी वेळ निभावत नाही. म्हणून इथे तळ्याकाठी तीन दिवसांसाठी एक घर घेतलं आहे. परदेशी राहायची सवय करायला यापेक्षा सोयीची जागा नाही: रंगवलेल्या इमारती, स्वच्छ रस्ते, आणि माणूस जवळजवळ नाही. नियम तीन. कोणाला फोन करायचा नाही. सामान एकदाच आणायचं. आणि घराबाहेर मराठी बोलायचं नाही, कारण तिथे ती कोणाला कळणार नाही.

पहिला दिवस उत्तम गेला. भांडण एकही नाही. दुपारी जेवताना दोघांपैकी कोणी काही बोललं नाही, तरी कोणाचं अडलं नाही. संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसलो होतो तर रजनीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होता. तिला साधा बिननंबरचा चष्मा घ्यायला हवा. यादीत लिहून ठेवलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. लवासा.

तालीम बिघडली. मी दुपारी जरा पडलो होतो, उठलो तर रजनी घरात नाही. दीड तास शोधत होतो. समोरची अर्धवट इमारत, बंद दुकानं, कुठेच नाही. शेवटी फाटकावरच्या वॉचमनच्या खोलीत सापडली. वाल्मीक नावाचा पन्नाशीचा माणूस, अहमदपूरचा, म्हणजे आमच्याच भागातला. तिने त्याच्या शेगडीवर पिठलं टाकलं होतं आणि दोघं कुठल्यातरी जत्रेबद्दल बोलत होते. ती हसत होती. तिचं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं, आणि बरं वाटायच्या ऐवजी संताप आला.

परत येताना म्हणालो, “नियम काय ठरला होता?”

“तिथे मी कोणाशी बोलायचं, तेवढं सांगा.”

“मी आहे ना.”

ती पुन्हा हसली, पण मघासारखं नाही. रविवारचा दिवस रद्द करून उद्या सकाळीच परतायचं ठरवलं.

५ मार्च, बुधवार

व्हिसाच्या एजंटने कागदांची यादी पाठवली. बँकेतली ठेव मी दाखवायची, आणि रजनीने माझी आश्रित म्हणून यायचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आमची नोंदणी झालेलीच नाही. नव्वद साली औशाच्या बाजूला कोण करत होतं नोंदणी?

“आश्रित म्हणजे?” रजनीने विचारलं.

“म्हणजे तुझा खर्च मी करतो. तुझी जबाबदारी माझ्यावर.”

“आणि तुमची?”

“माझी काय?”

“तुमची जबाबदारी कोणावर?”

हा प्रश्न फॉर्मवर नाही, असं मी म्हणालो.

ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस आहे. आता नोंद करता येते म्हणाला. लग्नपत्रिका, तीन साक्षीदार, दोघांच्या वयाचे दाखले घेऊन या. पत्रिका ट्रंकेत सापडली. ‘चि. सौ. कां. रंभा, श्री. जनार्दन सूर्यवंशी यांची ज्येष्ठ कन्या.’ शाळेच्या दाखल्यावरही रंभाच. आधारवर रजनी. ग्रामसेवक म्हणाला, “साहेब, या दोन बायका झाल्या. एकच आहेत म्हणून राजपत्रात छापून आणा.”

नावाचं असं झालं होतं. लग्न ठरलं तेव्हा मी लातूरला नोकरीला नुकता लागलो होतो. बायकोचं नाव रंभा म्हटल्यावर ऑफिसातली पोरं काय काय बोलली असती ते मला ठाऊक होतं. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी रजनी हे नाव ठरवलं. मांडवात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं, मी अंगठीने तांदळात ‘रजनी’ लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. तिला माझ्याकडून आधी काही कळलं नव्हतं. तशी तेव्हा पद्धतच नव्हती. नाव छान आहे, असं सगळे म्हणाले होते.

११ मार्च, मंगळवार

गोजराबाईंची सून शुभांगी खाली ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. राजपत्राचा मसुदा मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून दिला. जुने नाव: रंभा जनार्दन सूर्यवंशी. नवे नाव: रजनी दयानंद बिराजदार. कारण: विवाह. सही, फोटो आणि प्रतिज्ञापत्र रजनीचं लागतं. मला आज पुण्याला एजंटकडे जायचं होतं. रजनी म्हणाली, “तुम्ही जाऊन या, मी शुभांगीकडून करून घेते.” पासपोर्टच्या वेळी हीच बाई सही कुठे करायची हे चारदा विचारत होती. आज काम अंगावर घेतलं. हळूहळू तिचाही उत्साह वाढतो आहे असं दिसतं.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. घर बरंच मोकळं झालं. मी काही सांगण्याआधीच रजनीने सामान कमी करायला घेतलं. पितळेची पातेली, मोठी परात, शिलाई मशीन, तिच्या आईची गोधडी, सगळं थोडं थोडं करून रिह्याला गोजराबाईंच्या घरी ठेवलं. “तिथे जागा आहे,” म्हणाली. परदेशी जाताना माणूस वस्तूंत अडकतो आणि तिथेच योजना फसते, असं मी एका ठिकाणी वाचलं होतं. रजनी अडकत नाही. माझ्या मात्र तीन पेट्या तशाच आहेत: जुन्या कंपनीच्या डायऱ्या, लिफ्टचे नकाशे, अग्निशमनाची प्रमाणपत्रं. टाकवत नाहीत. त्यांचा तिथे उपयोग काय, हेही कळतं.

दुपारी पलंगावर बसून एकटाच रडलो. कारण काही नव्हतं. रजनी रिह्याला गेली होती, म्हणून बरं.

१७ एप्रिल, गुरुवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. राजपत्र आलं आणि नावं उलटी छापली आहेत. जुने नाव: रजनी दयानंद बिराजदार. नवे नाव: रंभा जनार्दन सूर्यवंशी. काय म्हणावं याला? स्वच्छ अक्षरात लिहून दिलेला मसुदा, दोन ओळी, आणि त्यासुद्धा धड उतरवता येत नाहीत. या देशात म्हातारं व्हायचं नाही हे मी म्हणतो ते याचसाठी. एका कोणा कारकुनाला कंटाळा आला आणि माझी बायको कागदोपत्री माझी बायको राहिली नाही.

दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. पहिला मसुदा फार कडक झाला, फाडला. दुसरा बरा आहे. रजनीला सांगितलं, काळजी करू नकोस, मी बघतो. ती म्हणाली, “मी काळजी करत नाही.” आणि मला चहा करून दिला. एवढ्या गोंधळात ती शांत आहे, याचं मला कौतुक वाटलं.

१९ एप्रिल, शनिवार

अर्ज घेऊन शुभांगीकडे गेलो. म्हटलं, हे दुरुस्तीला टाक, चूक त्यांची आहे. तिने अर्ज वाचला आणि स्क्रीनवर आमची फाईल उघडली.

“काका, चूक न्हाई झाली.”

“नावं उलटी आहेत.”

“काकूंनी तसंच भरायला सांगितलं व्हतं.”

मी म्हणालो, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. मग तिने प्रतिज्ञापत्र काढून दाखवलं. रजनीचं अक्षर आहे. ती ‘र’ला शेपूट जरा लांब काढते. ‘माझ्या आईवडिलांनी ठेवलेले नाव मला पुन्हा धारण करावयाचे आहे. सदर अर्ज मी स्वखुशीने करीत आहे.’ खाली सही. रंभा. ती सही मी कधी पाहिलेली नव्हती, पण हात कचरलेला नव्हता.

“काका, मला वाटलं तुमाला म्हाईत असंल,” शुभांगी म्हणाली.

माहीत आहे, असं मी म्हणालो. बाहेर आलो आणि चालत राहिलो. आयटी पार्कच्या तिसऱ्या फेजच्या पुढे रस्ता संपतो तिथपर्यंत गेलो. शनिवार असल्याने सगळ्या इमारती बंद होत्या. माझ्या जुन्या कंपनीच्या इमारतीच्या फाटकावरच्या नव्या गार्डने ‘किससे मिलना है?’ विचारलं. कोणाला नाही म्हणालो.

संध्याकाळी रजनी रिह्याहून आली. जेवलो. तिला काही विचारलं नाही. विचारलं तर ती उत्तर देईल, अशी भीती वाटली.

२ मे, शुक्रवार

दोन आठवडे डायरी उघडली नाही. आज बोललो. ती चादरींच्या घड्या घालत होती.

“राजपत्रात नाव उलटं आलंय,” मी म्हणालो. मला सगळं ठाऊक असूनही तसंच तोंडातून गेलं.

“उलटं नाही.”

“मग व्हिसाचं काय?”

“मी येत नाही.”

एवढं साधं. आवाज चढवला नाही, घडी घालायची थांबली नाही. मीच चढवला. एवढी दोन वर्षं मी कोणासाठी खपतोय, म्हणालो. आधी का नाही सांगितलंस, म्हणालो.

“सांगणार होते. तुम्ही यादी वाचत होता.”

“आणि नाव? नाव कशाला?”

तिने चादर पलंगावर ठेवली. “शुभांगीनं तुमचा कागद वाचला. म्हणाली, काकू, जुनं नाव खोडायचं ना? मला एकदम वाटलं, नको. ते माझ्या बापानं ठेवलंय. त्याचं आता तेवढंच राहिलंय.”

“पस्तीस वर्षं रजनी म्हणून राहिलीस. काही त्रास होता?”

“त्रास नव्हता,” ती म्हणाली. “सवय झाली होती.”

शनिवार दहा तारखेपासून ती रिह्याला राहायला जाणार आहे. गोजराबाईंनी मागची खोली दिली आहे. आलेल्या मंडळींचा स्वयंपाक, आणि हंगामात भाताचं काम. पातेली, परात, मशीन आधीच गेलेलं आहे. मी स्वतः एक पोतं खाली रिक्षापर्यंत नेऊन दिलं होतं. मूर्ख माणूस.

१० मे, शनिवार

गेली. जाताना डब्यांवर कागद चिकटवून गेली: तूरडाळ, मूगडाळ, रवा, जिरे. फ्रिजमध्ये तीन दिवसांची आमटी. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. एखाद्या माणसाचा राग असेल तर त्याच्यासाठी कोणी असं करत नाही. मग राग नसेल तर जातं का माणूस? मला यातलं काही कळत नाही, आणि विचारायला होती ती तीच.

१८ मे, रविवार

लग्नाला आज पस्तीस वर्षं झाली. वेदांतचा फोन आला. आई कुठे आहे विचारलं. रिह्याला कामाला गेली आहे, म्हणालो. “रविवारी पण?” म्हणाला. रविवारीच काम असतं तिथे. “हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी बाबा,” म्हणाला आणि त्याला दुसरा फोन आला.

एजंटचाही निरोप आला. तेरा जूनच्या आत अर्ज पूर्ण करा, आश्रित असल्यास कागद जोडा. नसल्यास तसं कळवा. रजनी नसेल तर माझे पैसे कितव्या वर्षापर्यंत पुरतात, ते मांडून बघायला बसलो. ब्याण्णव. ब्याण्णव वर्षांपर्यंत चिआंग माईत एकटा. वही मिटवून टाकली. आयुष्यात एवढं घाबरलो नव्हतो.

२९ मे, गुरुवार

गोजराबाईंनी पायरीवर थांबवलं. मला वाटलं खोली सोडायला सांगतात.

“सायेब, रंभाबाईंचा निरोप हाय. सोमवारी पंचायतीत या म्हनल्यात. लग्नाची नोंद करायची हाय.”

“आता कशाला? ती येत नाही ना माझ्याबरोबर.”

“ते तुमी तेंलाच इचारा. आमाला साक्षीला बोलावलंय, आमी येनार. लुगडं बी नवं नेसनार.”

२ जून, सोमवार

दहा वाजता ग्रामपंचायतीत पोचलो. ती आधीच आली होती. हिरवी साडी, केस घट्ट बांधलेले, तीन आठवड्यांत चेहरा उन्हाने काळवंडलेला. मला वाटलं होतं ती खंगली असेल. तशी नव्हती. गोजराबाई खरंच नवं लुगडं नेसून आल्या होत्या. शुभांगी आणि तिचा नवरा शेखर दुसरे दोन साक्षीदार. लग्न लावणाऱ्या भटजींचीही सही लागते, पण ते कधीच वारले, त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र शुभांगीने करून आणलं होतं.

ग्रामसेवकाने कागद लावून बघितले. पत्रिकेवर रंभा, दाखल्यावर रंभा, राजपत्रात रंभा. “आता एकदम व्यवस्थित आहे,” म्हणाला. मागच्या वेळी मी आणले होते ते कागद जुळत नव्हते, हे तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

मी तिला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, “तुला यायचं नाही, तर हे कशाला?”

“लग्न झालं होतं ना आपलं?”

“झालं होतं.”

“मग ते कुठेतरी लिहिलेलं असू दे. माझ्या नावानं.”

‘पत्नीचे लग्नापूर्वीचे नाव’ या ओळीपुढे तिने स्वतः लिहिलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. रंभा जनार्दन सूर्यवंशी. मग माझी सही, तिची सही, साक्षीदारांच्या सह्या. गोजराबाईंनी अंगठ्याचा ठसा न देता सही केली, वेळ घेऊन. ग्रामसेवकाने शिक्का मारला आणि आम्हा दोघांचं अभिनंदन केलं. शेखरने पेढे आणले होते. कार्यालयात दाखल्यांसाठी थांबलेल्या लोकांनाही वाटले, त्यांनी आम्हा म्हाताऱ्या जोडप्याकडे बघून कौतुकाने हात जोडले. मला रडू येत होतं, मी पेढा खाऊन ते आवरलं.

तिला रिह्याची बस गाठायची होती. मी थांब्यापर्यंत गेलो. घोटवड्याकडून येणाऱ्या गाड्यांनी चिखल उडत होता. बोलायचं ते सगळं मनात मांडून गेलो होतो, पण ऐनवेळी एकच वाक्य निघालं.

“मी आलो तर चालेल का? रिह्याला?”

पस्तीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा काही विचारलं असेल, हे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं, आणि लाज वाटली. ती रस्त्याकडे बघत होती. टाळायचं म्हणून नाही, खरंच विचार करत होती.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “लावणी उरकू दे. मग बघू.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे आत्ता नको.”

“बरं,” मी म्हणालो.

बस आली. चढताना तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, गोळ्या संपल्या का विचारलं. आहेत म्हणालो. खिडकीतून बस वळेपर्यंत बघत होती. मला ती हवी आहे. चिआंग माई नको, चौऱ्याऐंशी वर्षं नकोत, ती हवी आहे. हे तिला सांगायचं राहिलं.

परत आल्यावर एजंटला कळवलं की अर्ज करायचा नाही. त्याने कारण विचारलं, मी दिलं नाही. मग खाली गेलो. गोजराबाई लुगडं बदलून पुन्हा पायरीवर बसल्या होत्या.

“लावणी कधी उरकते हो तुमच्याकडे?”

“आता रोपं टाकल्यात. जुलैत लावायची. उरकंल जुलैअखेर, न्हाईतर आगष्टात.”

“नक्की तारीख?”

“तारीख कशी सांगू सायेब? पावसावर हाय.”

वर येऊन डायरीतलं ऑगस्टचं पान काढलं. पेन उघडून बराच वेळ बसलो. काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून कोरं ठेवलं.